पत्रकात नसलेली ओळ

मी बी.ए. झालो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. आम्ही तिला आक्का म्हणतो. आई लवकर गेली तेव्हा दोघांपैकी एकालाच शाळा जमणार होती आणि ती मला मिळाली. आक्का पाटीला हात न लावता पोळपाटाला बसली. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी शेठाणीकडून ती पापडाचं पीठ घरी आणायची, लाटायची, गच्चीवर वाळवून परत द्यायची. माझी पुस्तकं आणि कॉलेजची फी त्यातूनच झाली.

गच्चीवर पापड पसरताना विमान गेलं की ती डोळ्यांवर हात धरून बघत राहायची. "तू साहेब झालास ना, की मला एकदा त्यात बसव," असं एकदा म्हणाली. मी हो म्हणालो. तेव्हा मी अकरावीत होतो.

आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर मीच. कुणाकडे नोटीस आली, रेशनचा कागद आला, की तो माझ्याकडे यायचा. मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचो. आक्का बाजूला उभी राहून सगळ्यांना सांगायची, "माझा भाऊ छापलंय तेवढंच वाचतो. पदरचं काही घालत नाही."

पुढे अंबरनाथच्या एका कारखान्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि अधिकारी होऊन निवृत्त झालो. बदलापूरला फ्लॅट घेतला. दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत बदलापुरात रोज नवी इमारत उठत होती. निवृत्त झालेल्या आम्हा सात-आठ जणांनी जोडीनं अंदमानला जायचं ठरवलं. दर रविवारी संध्याकाळी माझ्याकडे बैठक. कुणाला बेटावर रोज ताजे मासे हवे होते, कुणी गुडघ्यांमुळे बोटीच्या पायऱ्या मोजत होता. टूरवाल्यांचं पत्रक मीच आणलं होतं, मराठीत छापलेलं.

आक्काला ही बातमी माझ्या बायकोकडून कळली. ती लगेच फोनवर. "चारी बाजूंनी पाणी? आणि नळाला?"

"नळालाही असतं, आक्का."

"मग आमच्या कॅम्पातल्या बायकांना तिकडंच सोडून ये. हंड्यावरून भांडणं तरी मिटतील." आणि मग, "विमानानंच जातात ना रे?"

मी म्हणालो, "हो. रविवारी येतो, बोलू."

मला तिला न्यायचं नव्हतं. कारण आता लिहूनच टाकतो. फ्लॅटच्या गृहप्रवेशाला माझे हे सगळे सहकारी आले होते. आक्का मिश्री लावून बाल्कनीत बसली होती. कुणीतरी तिला माझ्या लहानपणाबद्दल विचारलं. ती खुशीत सांगत सुटली, "चड्डी कसली, मैद्याच्या गोणीची शिवायचे मी. ढुंगणावर मैदावाल्याचा छाप! पोरं मागनं वाचत यायची." सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून बैठकीत कुणी ना कुणी म्हणायचंच, "काय मैदासाहेब, चहा कुठंय?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्या मनात होतं. तिच्याबरोबर आठ दिवस एका बसमध्ये, एका टेबलावर जेवायचं, आणि ती आणखी काय काय सांगेल, याचीच मला धास्ती.

रविवारी सकाळी मी उल्हासनगरला गेलो. आक्का नवी साडी नेसून बसली होती. टूरच्या फॉर्मला फोटो लागतो हे तिनं कुठून तरी ऐकलं होतं, म्हणून स्टुडिओत जाऊन काढून आणला होता. फोटोत तिनं श्वास रोखून धरल्यासारखा चेहरा केला होता.

"काय काय लागतं ते वाच," ती म्हणाली.

मी पत्रक उघडलं. त्यात छापलं होतं : 'पासष्ट वर्षांवरील प्रवाशांनी डॉक्टरांचा दाखला जोडावा.' आणि मी मोठ्यानं वाचलं, "पासष्ट वर्षांवरील प्रवाशांना नेता येणार नाही."

आवाज अडखळला नाही. वाचायची सवयच होती.

आक्काची सून भाकरी थापता थापता थांबली. बारावी झालेली मुलगी. तिनं हात पुसला आणि म्हणाली, "मामा, बघू जरा. असं कसं असेल? सगळीकडं म्हातारी माणसंच तर फिरतात."

आक्कानं तिचा हात मध्येच धरला. "तू कशाला बघतेस? त्यानं वाचलंय ना."

सून परत चुलीकडे वळली. मी पत्रकाची घडी करून खिशात घातली. आक्कानं फोटो आपल्या बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवून दिला आणि म्हणाली, "छापलंच आहे तर तू तरी काय करणार? सदुसष्ट वर्षांची झाले मी. त्यांना माणूस आजारी पडायची भीती." निघताना तिनं माझ्या हातात उडदाच्या पापडांचा पुडा दिला. "बेटावर काय मिळतंय न मिळतंय. तुझ्या मित्रांना पण दे." शेठाणीचं काम सुटून बरीच वर्षं झाली होती. हे पापड तिनं या सहलीसाठी मुद्दाम लाटले होते.

घरी बायकोनं पुडा घेतला आणि विचारलं, "आक्कांचा दाखला कधी काढायचा?" पुढच्या बैठकीत तेच पापड भाजले. एक जण म्हणाला, "बहिणीला आणा बरं का साहेब, त्याशिवाय मजा नाही." मी हातातला पापड ताटलीत ठेवला. ज्यांच्यापुढे मला तिची लाज वाटत होती, ते तिची वाट बघत होते.

फोन केला असता तर तिनं हसून उडवून लावलं असतं आणि मी सुटलो असतो. समोर गेलो असतो तर तोंड उघडलं नसतं. म्हणून दोन स्टेशनांवर राहणाऱ्या बहिणीला मी पोस्टानं पत्र पाठवलं. ते तिला सूनच वाचून दाखवणार, हे मला माहीत होतं. ते असं :

आदरणीय आक्कास,

सविनय जय भीम.

हे पत्र सूनबाई वाचत असेल. सूनबाई, सगळं वाच, एक शब्दही गाळू नकोस.

आक्का, त्या रविवारी मी तुला जे वाचून दाखवलं ते पत्रकात नव्हतं. ते मी पदरचं घातलं. माझ्या मित्रांपुढे मला तुझी लाज वाटली. मैद्याच्या गोणीची गोष्ट तू खरीच सांगितलीस आणि मी छापलेलं सोडून खोटं वाचलं. तुझ्या पापडांवर शिकलेलं वाचन मी तुझ्याचविरुद्ध वापरलं.

सोबत पत्रक जोडलं आहे. ते मी तुला वाचून दाखवणार नाही. सूनबाईकडून वाचून घे आणि मग तुझं तू ठरव. यादीत तुझं नाव लिहिलं आहे. यायचं असेल तर तो फोटो घेऊन ये, दाखल्यासाठी डॉक्टरकडे मी तुझ्याबरोबर येईन. यायचं नसेल तर तसंही कळव, मी ते ऐकून घेईन. वस्तीत कुणाचा कागद आला तर यापुढे सूनबाईला वाचायला सांग.

तुझा भाऊ