‘या बरं का घरी चहाला’

वच्छलाबाई, तुमच्याबद्दल लिहायला घेतलंय. आधी विचारलं असतं, तर तुम्ही “माझ्यावर काय लिवायचं मॅडम” म्हणत तासभर नको-नको केलं असतंत आणि मग फोटो कोणता छापणार ते विचारलं असतंत. तेवढा वेळ मला नाही.

वाचणाऱ्यांना तुम्ही कोण ते सांगते. ती महागडी पर्यटन रेल्वे आपल्या स्टेशनात आली की नऊवारी नेसून, नथ घालून पाहुण्यांना ओवाळायचं, हे तुमचं काम. पुढे दिवसभर त्यांना शहर दाखवायचं, हे माझं. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले तरी बोलायची सवय सुटलेली नाही. तुमचा या कामावर भारी जीव. घरात भाकऱ्या थापणारीपुढे सगळं जग वाकून कपाळ पुढे करतं, असं काम कोण सोडेल? पण गाडीचे व्यवस्थापक राजेंद्र यांनी बजावलं होतं, “ओवाळा, हसा, बाजूला व्हा. पाहुण्यांशी बोललात तर काम बंद.”

आणि तुम्ही न बोलता राहणार! मागच्या हिवाळ्यात कुंकू लावता लावता प्रत्येकाला म्हणालात, “या बरं का घरी चहाला.” उन्हानं लालबुंद झालेल्या एका आजीबाईंनी मला विचारलं, या काय म्हणतात? मी जसंच्या तसं सांगितलं. मंडळी खूश. मकबऱ्यात खूश, पाणचक्कीवर खूश, आणि दुपारी शालींच्या दुकानाशी बस थांबली तर कुणी उतरेना. दुकान नको म्हणे, त्या बाई वाट पाहत असतील.

मी तुम्हाला फोन लावला.

“आवो मॅडम, ते म्हणायचं असतं! खरंच कुणी येतं व्हय?”

“मग नाही म्हणून सांगू?”

“नाय कसं म्हणावं? येऊ द्या. पण ह्यांना उठवावं लागंल.”

ड्रायव्हर कमरोद्दीन म्हणाले, “मॅडम, गारखेड्याच्या गल्ली में ये बस घुसी, तो फिर वहींच संसार मांडना पडेगा.” तरी घुसवली त्यांनी.

‘हे’ म्हणजे तुमचे यजमान मोतीराम. चितेगावच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेले, बनियनवर दिवाणावर झोपलेले. उठले नाहीत. जागा कमी, म्हणून आजीबाई त्यांच्या पायाशीच बसल्या. मोतीरामांनी डोळे उघडले, खोलीभर गोरी माणसं पाहिली, “रामराम” म्हणाले आणि चादरीसकट स्वयंपाकघरात गेले. कप शेजारून आले. कपांबरोबर शेजारणीही आल्या.

गाडी सुटायची वेळ झाली तशी राजेंद्र टॅक्सी करून थडकले. दारात माणूस दिसला की तुमचा हात ताटाकडे जातोच. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, तोवर कपाळावर कुंकू.

“उद्यापासून यायचं नाही तुम्ही!”

“बरं. साखर किती टाकू?” म्हणालात खरं, पण चहा गाळताना निम्मा ओट्यावर सांडलात.

आजीबाईंनी मला विचारलं, हे काय म्हणाले? मी तेही जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला, डोक्यावरची हॅट काढून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, मग आम्हीही गाडीत येत नाही, इथं बरं आहे. कुणी जागचं हललं नाही. स्टेशनातून राजेंद्रांना फोनावर फोन. पाहुण्यांना सोडून गाडी नेणार कुठे?

“या बाई, या कामावर,” ते शेवटी म्हणाले. “पण पुन्हा कुणाला घरी बोलवू नका.”

“नाय बोलवत. तुम्ही मात्र या परत, सर. आज काय नीट बसला नाय तुम्ही.”

त्या धांदलीत आजीबाईंची हॅट दिवाणावर राहिली. पत्ता माझ्याकडे, हॅट तुमच्याकडे; क्रांती चौकातल्या कुरियरवाल्याकडे दोघींनी मिळून जायचं ठरलं. गाडी येते त्या दिवशी तुम्हाला वेळ नसतो, गाडी नसते त्या दिवशी मला कंटाळा असतो. परवा अंधार पडल्यावर मोतीराम कंपनीच्या बसची वाट पाहत उभे होते, रात्रपाळीला, हॅट घालून. तेव्हा या आठवड्यातही आपलं कुरियरकडे जाणं जमेलसं दिसत नाही.