सुनेचा नोंदणी क्रमांक

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगते. सुनेला मी चौदा वर्षं बोलत आलेय आणि ती ऐकत आलीय. पण आज कौतुक करायचंय, तर तेही तोंडभर करणार.

ती आमच्या चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीची देखभाल बघते. तळमजल्यावर, पंपाच्या खोलीला लागून आमच्या दोन खोल्या, या कामाबरोबरच मिळालेल्या. कुठल्या कॉकने कुणाचं पाणी बंद होतं, लिफ्ट कुठल्या मजल्यावर कुरकुरते, सगळं तिला तोंडपाठ. चाळीस घरांच्या जादा किल्ल्यांचा जुडगा कायम कमरेला.

मग नियम आला. इमारत सांभाळणाऱ्याने चाळीस तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायचा आणि सरकारदरबारी नोंदणी करायची. मुदत सहा महिने. सेक्रेटरी दारात उभे राहून म्हणाले, "जमलं नाही तर बाहेरचा मॅनेजर नेमावा लागेल. या खोल्याही त्यालाच द्याव्या लागतील."

दहावी शिकलेली बाई, चाळिशी उलटलेली. "आता या वयात पुस्तकं घेऊन बसणार का?" मी म्हटलं. तर ती खरंच बसली! रोज दुपारी, पंपाच्या खोलीत, पालथ्या बादलीवर.

पहिल्या खेपेला दोन मार्कांनी नापास. प्रश्न होता, बंद घरातून पाणी गळतंय, काय कराल? हिने लिहिलं, किल्लीने उघडून आत जाईन, कॉक बंद करेन, फरशी पुसेन, मग मालकांना कळवेन. सगळ्या उत्तरावर काट! आधी मालकाला फोन, सोबत साक्षीदार आणि वहीत नोंद, असं हवं होतं म्हणे.

"आणि फरशी पुसली त्याचे मार्क कुठे गेले?" मी भडकले.

"आई, त्यांचं बरोबर आहे. घर मालकाचं असतं, आपलं नाही," ती म्हणाली आणि पुन्हा बादलीवर जाऊन बसली.

दुसऱ्या परीक्षेला दहा दिवस होते. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर गावाला गेलेले आणि त्यांच्या दाराखालून पाणी जिन्यात यायला लागलं. "अगं, शीर आत!" मी ओरडतेय, आणि ही बया हातात किल्ली धरून फोन लावतेय! डॉक्टर हो म्हणाले, तेव्हा कुठे दार उघडलं. "आई, तुम्ही साक्षीदार. चला." किती वाजता गेलो, कुठे गेलो, कधी बाहेर आलो, सगळं वहीत लिहिलं आणि खाली माझी वेडीवाकडी सही घेतली.

डॉक्टर परतले आणि म्हणाले, कपाटातलं घड्याळ दिसत नाही.

कमिटी बसली. तक्रार पोलिसांत गेली की दाखला गेला, नोंदणी गेली, घरही गेलं. सुनेने शांतपणे वही टेबलावर ठेवली. "फक्त स्वयंपाकघर. सहा मिनिटं. साक्षीदार, या आमच्या आई."

"सासू काय, सुनेच्याच बाजूने बोलणार," कुणीतरी पुटपुटलं.

"मी? सुनेच्या बाजूने?" मी उसळलेच. "चौदा वर्षांत एकदा तरी ऐकलंत का हो? माझा आवाज तर पाचव्या मजल्यापर्यंत जातो!"

अख्खी कमिटी हसली. "पण त्या वहीतलं अक्षर न् अक्षर खरं आहे," मी म्हटलं, आणि मग कुणी हसलं नाही. दोन दिवसांनी घड्याळ डॉक्टरांच्याच प्रवासाच्या बॅगेत सापडलं. खाली येऊन त्यांनी तिची माफी मागितली, माझ्यादेखत.

दुसऱ्या खेपेला तिला शंभरात एक्क्याऐंशी मिळाले. महिन्याभरात फोटोचं ओळखपत्र आलं. कमरेच्या किल्ल्या आता भिंतीवरच्या कुलूपबंद पेटीत असतात. सही केल्याशिवाय एकही बाहेर निघत नाही.

काल सेक्रेटरी पुन्हा दारात आले. कसलासा अर्ज भरायचा होता आणि ही गच्चीवर टाकी बघायला गेलेली.

"बाई नाहीत का? त्यांचा नोंदणी क्रमांक हवा होता."

"मॅनेजरबाई म्हणा," मी म्हटलं. "आणि लिहून घ्या. चार, शून्य, सात, सात, दोन, नऊ, एक."

स्वतःचा फोन नंबर मला आजही चिठ्ठीत बघून सांगावा लागतो.