‘राजा’ म्हटल्यावर थांबलेला बैल

ओल्या काथ्याचा वास आला की मला गिरीज गावातल्या आमच्या वाडीतला विहिरीवरचा रहाट आठवतो. मुलांच्या एका मासिकाला मी पहिलीच गोष्ट पाठवली होती. तिच्यात रहाट ओढणाऱ्या बैलाला म्हातारा ‘चल मुडद्या’ म्हणतो. संपादकबाई मुद्दाम वाडीत आल्या आणि म्हणाल्या, “गोष्ट छान आहे, पण मुलांच्या अंकात शिवी नको. ‘चल राजा’ करा.” छापून यायची घाई होती, मी लगेच मान डोलावली. शेजारीच वडील रहाट हाकत होते. पाहुणीसमोर शिवी कशी द्यायची, म्हणून तेही म्हणाले, “चल राजा.” बैल थांबला. दोनदा, तीनदा गोडीत सांगितलं तरी हलेना. पाटातलं पाणी केळींपर्यंत पोचायच्या आधीच जिरलं. बाई हसल्या. “बाबा, तुमचं रोजचं बोला.” वडिलांनी लाजून तोंड फिरवलं आणि हलकेच म्हटलं, “चल रे मुडद्या.” बैल चालू लागला, रहाटाचे डबे विहिरीतून भरून वर आले. “तो ह्याच नावाने वळखतो, बाई,” वडील म्हणाले. गोष्ट एकही शब्द न बदलता छापून आली. आजही मुलांसाठी लिहिताना माझं पात्र उगाच गोड बोलू लागलं आणि गोष्ट अडली, की मी त्या बाईंचे आभार मानते आणि त्याला त्याचं रोजचं बोलू देते.