चुलीवरची तुळई

जुन्या घराचं वायरिंग बदलायला घेतलंय. वायरमनने सोप्यातल्या सागवानी तुळईला ड्रिल लावलं आणि भुशाचा तोच वास आला.

घरात पहिल्यांदा वीज आली, तेव्हा सुतार गिरमिटाने तुळईला भोकं पाडत होता. सोपा झाला, गोठा झाला. तो स्वयंपाकघराकडे वळताच मामंजी म्हणाले, "तिथं कशाला? म्हशीची धार काढाय उजेड लागतोय. हिला चुलीचा जाळ हाय की." सगळे हसले. मी खाली मान घालून भाकरी थापत राहिले. पुढे मामंजी वारेपर्यंत त्या अंधारात बोटं पोळून घेतली. तेव्हा लाज वाटली होती, आता नुसता संताप येतो.

"मावशी, आता गोठ्याकडं वळू?" वायरमनने विचारलं.

"न्हाय. आधी चुलीवरची तुळई. गोठा ऱ्हाऊ दे अंधारात."