तिसऱ्या मजल्यावरचा उजेड मोजताना

बाळांनो, तुम्ही दोघांनीही चाळीचा फोटो मागितलात आणि दोन्ही वेळा मी "पाठवते" म्हणून विषय बदलला. खरं सांगायचं तर कॅमेऱ्यातलं कार्ड मी तीन आठवडे उघडलंच नव्हतं. भीती वाटत होती, आणि फोनवर तसं सांगायला लाज वाटली. या सोमवारी फणसवाडीतल्या आपल्या चाळीभोवती निळे पत्रे उभे राहिले. आता पुन्हा फोटो काढण्याचा प्रश्नच उरला नाही, म्हणून कार्ड उघडलं. त्या रविवारी काय झालं ते क्रमाने लिहिते. अजून सगळं नीट आठवतंय, पुढे आठवेलच असं नाही.

आधी मावशींविषयी. त्या आपल्या नात्यातल्या नव्हेत. तिसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. मी फोर्टात आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करत होते, तेव्हा तुमच्या बाबांना सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत त्यांनी सांभाळलं. पुढे आम्ही दादरला राहायला आलो, त्या तिथेच राहिल्या. चाळीतल्या मुंजी, लग्नं, सत्यनारायण, सगळ्यांचे फोटो आहेत माझ्याकडे. मावशी एकाही फोटोत नाहीत, कारण फोटोच्या वेळी त्या आत पुऱ्या लाटत असायच्या. चाळ रिकामी करायची तारीख आली तेव्हा मी म्हटलं, "मावशी, तुमचा एक छान फोटो काढते." त्या म्हणाल्या, "माका एकटीचो नको गो. सगळ्यांवांगडा काढ, गॅलरीत."

सगळे एकत्र सापडणार होते ते फक्त एका रविवारी. त्याच दिवशी दहा वाजता मावशींचा भाचा त्यांना बदलापूरला घेऊन जायला येणार होता.

गल्ली तुम्ही पाहिली आहे. समोरच्या इमारतीला पाठ टेकवून उभं राहिलं तरी चाळ पुरती नजरेत मावत नाही. साध्या लेन्सने कॅमेरा वर करावा लागतो आणि मग तळमजला अधिक तीन मजले मागे कलंडल्यासारखे दिसतात. ऑफिसात असे फोटो साहेब हातातसुद्धा घेत नसत. त्यासाठी टिल्ट-शिफ्ट लेन्स असते. कॅमेरा अगदी ओळंब्यात सरळ ठेवायचा आणि नुसती लेन्स एका स्क्रूने वर सरकवायची. इमारत ताठ उभी राहते. निवृत्त झाल्यावर मी तशी एक जुनी लेन्स घेतली, ती तुम्ही कपाटात पाहिली असेल.

या लेन्सची एक खोड आहे. ती सरकली की उजेड आत तिरका येतो आणि कॅमेऱ्यातला मीटर फसतो. आहे त्यापेक्षा कमी उजेड आहे असं तो समजतो, आणि फोटो नको तितका उजळ येतो. म्हणून नियम असा की लेन्स शून्यावर, म्हणजे मधोमध असताना उजेड मोजायचा, आकडे हाताने पक्के करायचे आणि मग लेन्स सरकवायची. त्यानंतर मीटर काहीही म्हणो, त्याच्याकडे बघायचं नाही.

मी शनिवारी पावणेदहाला जाऊन उजेड मोजून आले. त्या वेळी ऊन पहिल्या मजल्यापर्यंत उतरतं. धुराने आणि पावसापाण्याने काळवंडलेली भिंत, ॲपर्चर अकरा, शटर एकशे पंचवीस, म्हणजे सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. वहीत लिहून खाली रेघ मारली. त्या रात्री झोप चांगली लागली.

रविवारी नऊ वाजता टॅक्सीतून उतरले आणि तिथेच उभी राहिले. चाळ पांढरीशुभ्र होती. खालपासून वरपर्यंत चुना, आणि गॅलरीच्या खालच्या कडेला गेरूचा पट्टा. चाळीचे सेक्रेटरी अंगावर चुन्याचे शिंतोडे घेऊन हसत पुढे आले.

"कसं वाटतं, वहिनी?"

"अहो, ही पाडणार आहेत ना पुढच्या महिन्यात?"

"म्हणून काय फोटोत पारोशी उभी करायची? गणपतीला मारतो तसा हात मारला काल दुपारी. सगळे लागले कामाला."

मी "छान" म्हटलं. काळ्या भिंतीवर मोजलेला आकडा पांढऱ्या भिंतीला चालत नाही. पण ट्रायपॉड लावेपर्यंत गॅलऱ्या भरल्या. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. कोणी मला वरून "लवकर" म्हणत होतं, कोणी "थांबा, हे आंघोळीला गेलेत" म्हणत होतं. गडबडीत मी लेन्स आधीच वर सरकवून घट्ट करून बसले. मग वहीतला आकडा लावला आणि करू नये ते केलं. मीटरकडे पाहिलं. तो जवळजवळ वहीतलाच आकडा दाखवत होता. मला इतकं हायसं वाटलं, की वही काळ्या भिंतीमुळे चुकली असेल आणि मीटर सरकलेल्या लेन्समुळे, हे मनातही आलं नाही.

मावशी पावणेदहाला आल्या. सेक्रेटरींच्या बायकोने त्यांना दंडाला धरून कठड्याशी उभं केलं. अंगावर मोतिया रंगाचं लुगडं, मागे चुन्याची भिंत. मी चार फोटो काढले.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून उघड्यावर मला कॅमेऱ्याचा पडदा नीट दिसत नाही. म्हणून मी पदर डोक्यावरून पुढे ओढून कॅमेऱ्यावर धरला. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "वहिनी, नवरीसारखं तोंड काय लपवता? नाव घ्या आता!" सगळी चाळ हसली. मी आतून बघत होते. जिथे जास्त उजेडाने फोटो जळतो तिथे पडद्यावर काळी लुकलुक होते. अख्खा तिसरा मजला लुकलुकत होता. मोठा करून पाहिलं. भिंत आणि लुगडं एक झालं होतं. मावशींच्या चेहऱ्याच्या जागी एक पांढरा ठिपका होता. नाक नाही, डोळे नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. भाचा आला होता.

स्क्रू सैल होईना. बोटांचं दुखणं तुम्हाला माहीत आहे. कशीबशी लेन्स शून्यावर आणली, तर मीटर भलतंच बोलायला लागला. एवढा चुना समोर बघून त्याने उजेड इतका कमी करायला सांगितला की चेहरे कोळशासारखे आले असते. वहीवर विश्वास नाही, मीटरवर नाही. आपला तळहात उन्हात धरून त्यावरचा उजेड मोजावा, तर मी होते समोरच्या इमारतीच्या सावलीत, आणि ऊन पहिल्या मजल्याच्या खाली उतरलंच नव्हतं. उजेड मोजायला हवा होता मावशींच्या गालावर, आणि तीन जिने चढून जायला माझे गुडघे तयार नव्हते.

तेव्हा पिशवीतला जुना हातातला मीटर आठवला. ऑफिसातला, काट्याचा. तो लेन्समधून बघत नाही. चेहऱ्याजवळ धरला की चेहऱ्यावर पडणारा उजेड तेवढा मोजतो. मी ओरडले, "टोपली सोडा!"

"भाजी आता कशाला?" सेक्रेटरींची बायको म्हणाली.

"अहो सोडा हो, सांगते."

भाजी वर ओढून घ्यायची दोरीची टोपली सरसर खाली आली. मी मीटर रुमालात गुंडाळून आत ठेवला. वर जाताना टोपली गिरक्या घेत होती. दोरी सुटली असती तर पुढे काही करण्यासारखं नव्हतं.

"मावशींच्या गालापाशी धरा. पांढरी गोल टोपी माझ्याकडे. तुमची सावली पडू देऊ नका."

मावशी मान मागे घेत म्हणाल्या, "ताप बघतंस काय गो माझो?"

"हलू नका, मावशी! काटा कितीवर आहे?"

"सोळा."

"नक्की?"

"सोळा आणि सतराच्या मधे. सोळाच धरा ना, वहिनी!"

"भाव करतेय का मी? नक्की सांगा!"

"साडेसोळा!"

वहीच्या शेवटच्या पानावर त्या काट्याचा तक्ता आहे. तो मीटर म्हातारा झालाय, किंचित कमी दाखवतो, हेही तिथे लिहिलं आहे. ते धरून शटर तीनशे वीस आलं. म्हणजे वहीतल्या आकड्यापेक्षा निम्म्याहून कमी उजेड आत घ्यायचा. आकडा लावला, पडद्यावर कॅमेऱ्याचा मीटर दिसतो तिथे बोट ठेवून तो झाकला आणि लेन्स पुन्हा वर सरकवली.

भाचा खालून म्हणाला, "मावशी, चला, ट्रॅफिक लागेल."

"रव रे, फोटो होऊंदे."

सात फोटो काढले. या वेळी पदराखाली बघितलं नाही. बघून पुन्हा काही चुकलं असतं तर सुधारायला वेळ नव्हता, आणि मावशींचे पाय लटपटताना खालूनही दिसत होते. पाच मिनिटांत त्या जिना उतरून आल्या. माझ्या हाताला धरून "बरो इलो मा?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. माहीत नसताना म्हटलं, म्हणूनच मग तीन आठवडे कार्डाला हात लावला नाही. मावशी दर रविवारी फोन करून फोटोचं विचारायच्या आणि मी कॉम्प्युटर बिघडल्याचं सांगायचे.

सोमवारी उघडलं. पहिले चार जळलेले, ते तसेच ठेवले आहेत. पुढच्या सातांपैकी तिनांत मावशींचे डोळे मिटलेले आहेत, दोनांत त्या खाली भाच्याकडे बघताहेत, एकात सेक्रेटरींच्या बायकोचा हात आडवा आला आहे. सातव्यात त्या समोर बघताहेत. मोठा करून पाहिलं तर नाकावरचा चष्म्याचा वळ दिसतो, तोंडाच्या कडेच्या सुरकुत्या मोजता येतात, लुगडं भिंतीपासून वेगळं दिसतं. वरच्या दोन कोपऱ्यांत फोटो जरा काळवंडला आहे. लेन्स शेवटपर्यंत सरकवली की तसं होतं. तेवढं उजळून घेता आलं असतं, पण पुन्हा हात लावायचा मला धीर झाला नाही.

मावशींना मी मोठी प्रत कुरिअरने पाठवली. तुमच्या दोन प्रती या पत्राबरोबर आहेत. चाळ आता काही दिवसांत पाडतील. अकरांतला हा एक फोटो चांगला आहे. त्यात चाळीतले सगळे आहेत आणि मावशींचा चेहरा दिसतो.