लाल नावेचं लग्न

शरणाप्पा अण्णा कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडं बघत नसत, वायरीकडं बघत. भिंतीतल्या भोकातून आत आलेली वायर नजरेनं धरून ते टीव्हीपर्यंत जात आणि मग विचारत, "दिसायलंय ना?" बरं आहे का, जेवण झालं का, ह्या सगळ्याच्या जागी त्यांचा हा एकच प्रश्न होता. बाजारात भेटले तरी तोच, फोनवरही तोच. आमच्या चुलत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यातही त्यांनी तेच विचारलं. "जन्मात एकदा शरणाप्पाचा प्रश्न बरोबर जागी पडला," असं चुलते सांगत.

बीदरकडच्या आमच्या ठाणाकुशनूर गावात अण्णांची केबल होती. नुसती केबल नव्हे, स्वतःचं चॅनेलही होतं. खांद्यावर कॅमेरा घेऊन ते गावातली लग्नं, जत्रा, शाळेचं गॅदरिंग काढत आणि संध्याकाळी दाखवत. मग घराघरावर डिशच्या छत्र्या आल्या, नंतर मोबाईल आले, केबल बंद पडली. अण्णांनी जुन्या वायरींच्या वाटेनंच इंटरनेटच्या नव्या वायरी ओढल्या. सगळ्या कॅसेटी एका कॉम्प्युटरात भरल्या आणि त्यावर एक फुकटचं सॉफ्टवेअर बसवलं. त्यानं अण्णांच्या माजघरातला तो कॉम्प्युटर म्हणजे छोटं टीव्ही केंद्रच झाला. गल्लीतले लोक आपल्या टीव्हीवर बघत, बाहेरगावी गेलेले मोबाईलवर. पैसे कुणालाच पडत नव्हते.

मी बाहेरगावी गेलेल्यातला. आठवीतून शाळा सोडली. आधी हैदराबाद केलं, आता मस्कतला एका हॉटेलच्या लाँड्रीत आहे. मी लहान असतानाच वडील गेले. त्यांचे फोटो आहेत, पण ते सगळे ताठ उभं राहून काढलेले. हलताबोलताना ते एकाच ठिकाणी सापडतात, गल्लीतल्या नरसिंगच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. पंगतीत वरणाची बादली घेऊन वाकलेले आहेत. कॅमेरा जवळ येतो. ते वर बघतात आणि म्हणतात, "अरे शरणाप्पा, माझं कामून काढायलास? नवरदेवाचं काढ की." मग पुढच्या पत्रावळीवर वरण पडतं आणि ते चौकटीबाहेर जातात. सुट्टीच्या दिवशी मी इथं तेवढंच बघायचो. तिकडं माय दुपारी तेच बघायची. नरसिंगच्या घरातल्यांनीही ते लग्न इतक्या वेळा बघितलं नसेल.

मायला वाचता येत नाही. तिला ते लग्न सापडायचं चित्रावरून, आणि ते चित्र चुकीचं होतं. अण्णांचं सॉफ्टवेअर फाइलचं नाव वाचून हा कुठला सिनेमा आहे ते आपणच ठरवायचं आणि त्याचं चित्र वर चिकटवायचं. आमच्या मारुतीच्या जत्रेवर त्यानं अंतराळवीर लावला होता. शाळेच्या गॅदरिंगवर रक्तानं भरलेला हात. नरसिंगच्या लग्नावर समुद्रातली एक लाल नाव. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. पुढं पुढं "लाल नावेचं लग्न" म्हटलं की कुठलं ते सगळ्या गल्लीला कळायचं.

एका सुट्टीच्या दिवशी मी ते लावलं तर वडलांच्या ऐवजी इंग्रजी मजकूर आला. मोबाईलवर इंग्रजी काही आलं की मी आधी बोट मागं घेतो. आपण कुठंतरी चुकीचं दाबलं, आता पगारातून काहीतरी कापलं जाणार, असंच पहिल्यांदा वाटतं. अण्णांना फोन लावला.

"दिसायलंय ना?"

"न्हाई दिसायलं अण्णा. मी काय मोडलं का?"

"तू न्हाई मोडलंस लेका. सॉफ्टवेअरच्या कंपनीनं दार लावलंय. घरात बसून बघायचं तर फुकट, लांबून बघायचं तर महिन्याला पैशे म्हणायलेत."

मी भरतो म्हणालो. अण्णा म्हणाले, "तू भरशील. बीदरला होस्टेलात ऱ्हायलेली पोर भरंल का? मी लोकायला फुकट म्हणून सवय लावली. आता दारात पावती फाडायला बसू व्हय?"

त्यांनी सगळं दुसऱ्या सॉफ्टवेअरवर न्यायचं ठरवलं. ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं, त्यामुळं उद्या कुणी त्याला कुलूप लावील ही धास्ती नव्हती. पण गल्लीला ते पटलं नाही. गल्लीतल्यांचं तर चालूच होतं. माय मला फोनवर सांगायची, अण्णांच्या ओट्यावर रोज भांडण. नरसिंग म्हणाला, "आमचं चांगलं चालू असताना कामून हलवायलाव? भायेर गेलेले कमवायलेत, भरू द्या की त्यायला."

अण्णा म्हणाले, "तुला नरसिंग, भिंतीच्या पल्याड जत्रा हाय. जाऊन बघ. जे लांब हायत त्यायच्यासाठीच तर हे मांडलंय."

अण्णा काही फार मोठे जाणकार नव्हते. मोबाईलवर कुणाचं तरी बघून, थांबवून, पुन्हा मागं नेऊन ते शिकत. कितीतरी दिवस गावात गोंधळ झाला. एका घरी नुसतं चित्र यायचं, शेजारच्या घरी नुसता आवाज. दोघंही तणतणत आले तर अण्णा म्हणाले, "मग दोघं मिळून एका जागी बसा की." त्यावरून एक बाई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

शेवटी सुरू झालं. मला मस्कतला वडील दिसले. मी मायला व्हिडिओ कॉल लावला तर ती रिमोट घेऊन रडकुंडीला आलेली.

"गेलं रे बालाजी. तुझे वडील त्यातून गेले."

अण्णांच्या एका हौसेनं घात केला होता. नवीन करतोच आहोत तर चुका कशाला, म्हणून त्यांनी एकेक कॅसेट उघडून प्रत्येकीवर तिचं खरं चित्र लावलं होतं. लग्नांवर नवरानवरी, जत्रेवर देऊळ. आता मायच्या टीव्हीवर बाशिंगं बांधलेल्या सारख्याच जोड्यांची रांग होती, आणि नावं तिला वाचता येत नव्हती. ज्या अण्णांनी मला वडील परत दिले, त्यांनीच मायचे नेले, असं मला त्या क्षणी वाटलं.

माझा कॉल चालू असतानाच अण्णा घरात आले. मायनं मोबाईल डब्याला टेकवून ठेवला होता, त्यात मला ते वायरीकडं बघताना दिसले. मग टीव्हीकडं. मग मायकडं.

"दिसायलंय की सगळं, वैनी."

"काय दिसायलंय अण्णा? माझी लाल नाव कुटं हाय?"

"ती चुकीची होती वैनी. नरसिंग्याच्या लग्नात कशाची नाव?"

"चुकीची आसंल. मला तिथंच सापडायचे ते."

अण्णा खाली बसले. त्यांना हसू आलं असावं, पण ते हसले नाहीत. "लावतो," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी लाल नाव परत आली. मग बाकीचे लोकही आले, कुणाला अंतराळवीर हवा, कुणाला रक्ताचा हात. अण्णांनी मोठ्या मेहनतीनं बरोबर केलेलं सगळं तेवढ्याच मेहनतीनं पुन्हा चुकीचं केलं. मला फोनवर म्हणाले, "मशिनीच्या चुका मला आता पाठ झाल्यात."

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. बीदरच्या दवाखान्यात नेईपर्यंतही राहिले नाहीत. मला सुट्टी मिळाली नाही. कॉम्प्युटर त्यांची मुलगी बघते, तो बंद पडलेला नाही.

दिवसकार्य झाल्यावर अण्णांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणतो, सगळ्या कॅसेटी बघत बसली. गावातलं माणूस न् माणूस त्यात आहे, अण्णा कुठंच नाहीत. कॅमेरा त्यांच्याच खांद्यावर असायचा. हे मायला कळलं तेव्हा ती जाऊन अक्काला घरी घेऊन आली आणि लाल नाव लावली. मी कॉलवर होतो.

पंगत आली. वडील बादली घेऊन वाकले, वर बघून म्हणाले, "अरे शरणाप्पा, माझं कामून काढायलास? नवरदेवाचं काढ की." आणि वरण पडायच्या आधी कॅमेऱ्याच्या मागून एक आवाज येतो. इतकी वर्षं आम्ही चेहराच बघत होतो, त्या आवाजाकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

"असू दे की, मारुतीभाऊ. चांगला दिसायलास."

मायनं विचारलं, "दिसायलंय ना, अक्का?"

अक्कानं डोळे मिटले होते. "दिसू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मागं घे, आन् आवाज वाढव."