खडीचं गाणं

दादा गेल्याचा निरोप एस.टी.च्या कंडक्टरनं आणला. मी घर सारवत होते. "शिरवळवरनं सांगावा हाय, तुमचा भाऊ सकाळी गेला," एवढं बोलून तो पळाला. गाडी खोळंबली होती. मी उरलेली जमीन सारवून पुरी केली. का केली ते अजून कळत नाही… त्याला आता दीड महिना झाला.

दादा पलटणीत होता. शिलाँगला असताना तिथल्या पोरांकडून गिटार शिकला आणि पलटण सोडून आला तो गिटार घेऊनच. पारावरची माणसं म्हणायची, "ही लाकडाची बायकू कुठनं आणली रं?" हलगीवाला बाळू आणि आणखी दोघं मिळून त्यानं पार्टी काढली. लाऊडस्पीकरच्या मशीनला गिटार जोडायची आणि बाळूनं ड्रम बडवायचा. सिनेमातलं काही वाजवायचं नाही, हा दादाचा हट्ट. "दुसऱ्याचं उष्टं आपल्याला नगं." पण आपलं म्हणून गाणं रचायला चौघांतल्या एकालाही येत नव्हतं.

दुष्काळात आम्ही औंधजवळ खडी फोडायला जात होतो. घण मारता मारता माझ्या तोंडात ओळी येत. पुटपुटत राहिलं की हात चालायचा. शेजारच्या बायकाही त्या ओळी उचलायच्या, पण कुणाच्या म्हणून कुणी विचारलं नाही. दादा घरी आला होता तेव्हा भाकरी थापताना मी तेच गुणगुणत होते.

दगड फुटंना बाई, फुटला माझा हात
ऊन वाढलंय पानात, कालवू कशात

"कुणाचं गं हौसे?"

"कुणाचं न्हाई. माझंच."

सगळं पाठ होईपर्यंत तो चुलीपुढनं उठला नाही. मी त्याला शपथ घातली. नांदत्या बाईचं नाव भोंग्यावर घेतलंस तर तुझं तोंड बघणार नाही, म्हटलं. मी चौथी शिकलेली, चार माणसांत मान वर न करणारी. सासूबाई काय म्हणतील, याचीच मला धास्ती.

त्या गाण्यानं पार्टी पाटणपासून सांगलीपर्यंत गेली. लोक 'खडी पार्टी' म्हणून हसायचे, तर बाळूनं तेच नाव ड्रमवर रंगवून घेतलं. पुढची पाच-सहा गाणीही माझीच. पोरांच्या जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर लिहून मी ती दादाकडं द्यायची.

सांगलीच्या कार्यक्रमाला मी सासूबाईंबरोबर गेले. खडीचं गाणं संपलं आणि एक माणूस वही घेऊन पुढं आला. खडीच्या कामावर हजेरी घेणारा कारकून तो. बायकांच्या तोंडून ऐकून त्यानं गाणं वहीत उतरवलं होतं, तारखेसकट. "गाणं माझं," तो कारकून म्हणाला. गर्दीतनं एक म्हातारा शाहीर उठला. "पोरा, शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव असतंय. तुझ्या गाण्यात छाप कुठाय? कुणी रचलं, सांग की!"

दादानं बायकांच्या बाजूला बघितलं. मी तिसऱ्या रांगेत होते. त्यानं मला बघितलं आणि मी पदर पुढं ओढला.

"सांगता येत न्हाई," दादा माईकमध्ये म्हणाला.

मग शिट्ट्या… "चोर पार्टी! चोर पार्टी!" पुढच्या हंगामात एक सुपारी आली नाही. बाळू लग्नाच्या बँडात गेला, दादा शिरवळला वॉचमन झाला. काविळीनं पिवळा पडला होता तेव्हा मी भेटायला गेले. तो म्हणाला, "त्या दिशी गप बसलीस ते बरं केलंस. तुला नांदू दिलं नसतं." तो रागावला असता तर मला रडता तरी आलं असतं.

तेराव्यानंतर बाळू गिटार घेऊन आमच्या घरी आला. सासूबाई सोप्यात तांदूळ निवडत होत्या. बाळू म्हणाला, "आक्का, सगळं संपलं, आता तरी सांगा. त्यानं गाणी चोरली हुती का? मला लोकं अजून इचारत्यात."

"माझी हुती ती गाणी," मी म्हटलं. लग्न झाल्यापासून त्या घरात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते.

सासूबाईंनी सुपातनं मान वर केली नाही. "मला ठावं हाय. खडीवर मी तुझ्या शेजारीच बसत हुते की."

"मग सांगलीत बोलला का न्हाई, आत्याबाई?"

"तू कुठं बोललीस?"

बाळू चहा तसाच ठेवून गेला. गिटार कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्याला टेकून उभी आहे. सासूबाई केर काढताना तिला वळसा घालून जातात. मीही तसंच करते.